ताज्या व गोठवलेल्या भाज्या (वऱ्हाड)

ताज्या व गोठवलेल्या भाज्यांमधील निवड हा घरगुती स्वयंपाकातील पोषण, चव, खर्च आणि साठवण यांच्याशी निगडित असा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत, म्हणजे वऱ्हाडात, या प्रश्नाला स्थानिक हवामान आणि पीकपद्धती यांमुळे वेगळे रूप प्राप्त होते. येथील हिवाळ्यात शेतातील भाजी काही तासांत घरी पोहोचते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ताजी म्हणून विकली जाणारी भाजी तोडणीनंतर बराच काळ तप्त हवेत राहिलेली असते. त्यामुळे ‘ताजी चांगली की गोठवलेली’ याचे उत्तर येथे बाराही महिने एकच राहत नाही. शिवाय या प्रदेशात उन्हात वाळवलेली भाजी हा तिसरा, आणि गोठवलेल्या भाजीच्या कितीतरी आधीचा, पर्याय अस्तित्वात आहे.

संज्ञा

बाजारभाषेत ‘ताजी भाजी’ म्हणजे न शिजवलेली व कोणतीही प्रक्रिया न केलेली भाजी. या अर्थात तोडणीनंतर किती वेळ लोटला याचा समावेश नसतो. सकाळी मळ्यातून तोडून दुपारी शिजवलेली मेथी आणि तीन दिवसांचा ट्रकप्रवास करून आलेला फुलकोबी या दोन्हींना ताजीच म्हटले जाते. आहारशास्त्रातील बहुतेक गैरसमज या एका शब्दाच्या सैल वापरातून निर्माण झाले आहेत.

गोठवलेली भाजी म्हणजे निवडून, चिरून, बहुधा उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढून, नंतर जलद गोठवलेली व उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याखालील तापमानात ठेवलेली भाजी. मटार, मक्याचे दाणे, फरसबी, गाजर, फुलकोबी आणि यांचे मिश्रण हे प्रकार भारतात सर्वाधिक प्रचलित आहेत. बटाट्याच्या तळण्यासाठी तयार केलेल्या फोडी, टिक्की, कटलेट इत्यादी पदार्थही त्याच शीतपेटीत विकले जातात. परंतु त्यांत तेल, मीठ व पिष्ट मिसळलेले असल्याने त्यांची गणना भाजीत करणे योग्य नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

बडनेरा हे अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे. अमरावती शहराकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. जुनी वस्ती व नवी वस्ती असे गावाचे दोन प्रमुख भाग आहेत. येथील किरकोळ भाजीविक्रेत्यांचा माल दोन वाटांनी येतो. एक वाट आसपासच्या खेड्यांतून थेट येणाऱ्या शेतकऱ्यांची, तर दुसरी अमरावतीच्या घाऊक बाजाराची. पहिल्या वाटेने येणारी भाजी ऋतूपुरती असते. दुसऱ्या वाटेने येणारी वर्षभर मिळते, पण तिच्यामागे किती अंतर आहे हे ग्राहकाला दिसत नाही.

वऱ्हाडात भाजीपाल्याचे बारमाही पीक मर्यादित राहण्यामागे एक ठोस कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांमिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. बडनेऱ्याच्या पश्चिमेकडील भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट इत्यादी तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. येथील भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भाजीपाला घेणे कठीण जाते. शेती मुख्यतः पावसावर व जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असून कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी आणि हरभरा ही प्रमुख पिके आहेत. त्यामुळे येथील पारंपरिक ‘भाजी’ हा मुख्यतः या पिकांचाच जोडउपज आहे: हरभऱ्याचा कोवळा पाला, तुरीचे ओले दाणे, बांधावरची अंबाडी, पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटा आणि काटवल. जे मळ्यात पिकवावे लागते ते पाण्याची सोय असलेल्या गावांतून किंवा बाहेरून येते.

तापमान ही दुसरी बाब. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात कमाल तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सियस असणे नित्याचे आहे, आणि काही दिवस ते त्याहूनही वर जाते. तोडलेली भाजी श्वसन करीतच असते आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. हातठेल्यावर पाणी शिंपडून ठेवलेली पालेभाजी दुपारपर्यंत टवटवीत दिसते; पण पाण्याने तिचा रंग टिकतो, जीवनसत्त्वे नव्हेत.

वाळवणाची परंपरा

गोठवलेल्या भाजीचा विचार वऱ्हाडात करताना वाळवलेल्या भाजीस वगळता येत नाही. ज्या उन्हामुळे ताजी भाजी टिकत नाही त्याच उन्हाचा उपयोग साठवणीसाठी करण्याची ही पद्धत आहे. हिवाळ्याच्या अखेरीस मुबलक व स्वस्त असलेली मेथी, हरभऱ्याचा पाला, गवार, वांग्याच्या व कारल्याच्या चकत्या धाब्यावर किंवा अंगणात वाळवून डब्यांत भरल्या जातात. कोहळ्याचा कीस डाळीच्या पिठात मिसळून केलेले सांडगे आणि मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या याच कुळातील. पावसाळ्याच्या तोंडाशी, जुन्या भाज्या संपलेल्या आणि नव्या अद्याप न आलेल्या असताना, या वाळवणावर घर चालत असे.

पोषणाच्या दृष्टीने वाळवलेल्या भाजीत तंतू व खनिजे बऱ्याच अंशी टिकतात. ‘क’ जीवनसत्त्व मात्र जवळपास नाहीसे होते आणि थेट सूर्यप्रकाशामुळे कॅरोटीनचीही मोठी हानी होते. सावलीत, पातळ कापडाखाली वाळवलेल्या पालेभाजीत हिरवा रंग व कॅरोटीन तुलनेने अधिक राहते. वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याला शिजवल्यावर येणारा खमंग, किंचित आंबूस स्वाद ताज्या पाल्यास नसतो. म्हणूनच बाजारात ताजी भाजी उपलब्ध असतानाही ही भाजी केली जाते. येथे वाळवण ही केवळ अडचणीतील सोय राहिलेली नसून ती स्वतंत्र पाकपरंपरा झाली आहे. गोठवलेल्या भाजीने अद्याप असे स्थान मिळवलेले नाही.

गोठवण्याची प्रक्रिया

व्यापारी तत्त्वावर भाज्या जलद गोठवण्याचे तंत्र अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी १९२० च्या दशकात विकसित केले, आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे गोठवलेले खाद्यपदार्थ किरकोळ विक्रीस आले. भारतात गोठवलेला मटार मध्यमवर्गीय घरांत पोहोचवण्यात मदर डेअरीच्या ‘सफल’ या नाममुद्रेचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही योजना राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकारातून आकारास आली.

प्रक्रियेतील निर्णायक टप्पा गोठवणे हा नसून त्याआधीचे ब्लांचिंग हा होय. भाजीतील विकरे कमी तापमानातही मंद गतीने कार्य करीत राहतात आणि काही आठवड्यांत रंग, वास व चव बिघडवतात. एक ते चार मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून लगेच थंड पाण्यात टाकल्याने ही विकरे निष्क्रिय होतात. याच टप्प्यावर पाण्यात विरघळणाऱ्या ‘क’ व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग पाण्यासोबत निघून जातो.

त्यानंतर दाणे सुटे सुटे ठेवून अतिशीत हवेच्या झोतात गोठवले जातात. गोठण जलद झाल्यास पेशींमधील पाण्याचे बर्फस्फटिक लहान राहतात आणि पेशीभित्ती फारशा फाटत नाहीत. घरगुती फ्रीजमध्ये गोठण मंद होते, स्फटिक मोठे होतात, आणि म्हणून घरी गोठवलेली भाजी वितळल्यावर अधिक लिबलिबीत लागते. मटार व तुरीचे दाणे यांत पाणी तुलनेने कमी व पिष्ट अधिक असल्याने त्यांना हा फरक कमी जाणवतो. काकडी, टोमॅटो, वांगे यांना तो सर्वाधिक जाणवतो.

गोठवण्यासाठी परिरक्षक रसायनांची आवश्यकता नसते, कारण उणे १८ अंशांवर सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते. ‘गोठवलेल्या भाजीत औषध असते’ हा समज म्हणूनच निराधार आहे. अर्थात पाकिटावरील घटकांची यादी वाचून मीठ वा साखर मिसळलेली नाही याची खात्री करून घेणे इष्ट.

पोषणमूल्यांची तुलना

या विषयावरील संशोधनाचा सारांश असा सांगता येईल की गोठवलेल्या भाजीची हानी आरंभी एकदम होते व नंतर जवळपास थांबते. ताज्या भाजीची हानी आरंभी नसते, पण ती दररोज होत राहते. कोणत्या दिवशी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, हा खरा प्रश्न आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार ब्लांचिंग व गोठवण यांत मिळून ‘क’ जीवनसत्त्वाची हानी भाजीपरत्वे १० ते ८० टक्के असून तिची सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास येते. त्याच आढाव्यात ४ अंश सेल्सियसला सात दिवस ठेवलेल्या ताज्या भाज्यांतील हानी मटारमध्ये १५ टक्के, तर फरसबीमध्ये ७७ टक्के नोंदवली आहे. मटार ताजा असताना आपले जीवनसत्त्व बऱ्यापैकी धरून ठेवतो. फरसबी व पालक तसे करीत नाहीत.

त्याच विद्यापीठातील २०१५ च्या एका अभ्यासात आठ भाज्या व फळांची तुलना करण्यात आली. ‘क’ जीवनसत्त्वाबाबत पाच प्रकारांत ताजे व गोठवलेले यांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि उरलेल्या तिन्हींत गोठवलेले सरस ठरले. बीटा-कॅरोटीन मात्र मटार, गाजर व पालक यांत गोठवणीमुळे घटलेले आढळले. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातील प्रत्यक्ष सवय लक्षात घेऊन ‘विकत आणून पाच दिवस फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी’ असा तिसरा गट ठेवला होता. बहुतेक तुलनांत फरक नगण्य होता. जेथे होता तेथे गोठवलेली भाजी या तिसऱ्या गटापेक्षा अधिक वेळा सरस ठरली.

हे आकडे वऱ्हाडास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. या अभ्यासांतील ताजी भाजी शीतकपाटात ठेवलेली आहे. बडनेऱ्यातील मे महिन्यातील भाजी त्याआधी घाऊक बाजारात, वाहनात आणि ठेल्यावर उघड्या हवेत कित्येक तास राहिलेली असते. त्यामुळे रेषा छेदण्याचा दिवस उन्हाळ्यात अलीकडे सरकतो, असे अनुमान काढण्यास जागा आहे. याच्या उलट जानेवारीत, गावच्या शेतकऱ्याकडून सकाळी घेतलेल्या भाजीबाबत ही तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरींच्या दैनिक आहारात ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. उन्हाळ्यात भाव चढल्यावर जे कुटुंब डाळ व बटाट्यावर भागवते, त्याच्यासाठी ताजी की गोठवलेली यापेक्षा भाजी ताटात येते की नाही हा प्रश्न मोठा आहे.

ऋतुमान

डिसेंबर ते फेब्रुवारी हा वऱ्हाडातील भाजीचा सुकाळ. मेथी, पालक, सांबार (कोथिंबिरीचे स्थानिक नाव), फुलकोबी, वांगी, वालाच्या शेंगा, पोपट, तुरीच्या व हरभऱ्याच्या ओल्या शेंगा या काळात येतात. ओल्या तूर-हरभऱ्याच्या दाण्यांना सोले म्हणतात, आणि सोल्यांची आमटी, सोले घातलेला भात व सोले-वांग्याची भाजी हे या तीन महिन्यांचे पदार्थ होत. याच काळात मध्य प्रदेशातील जबलपूर परिसरातील मटार महाराष्ट्राच्या बाजारांतही येतो. या दिवसांत गोठवलेली भाजी विकत घेण्याचे पोषणाच्या किंवा खर्चाच्या दृष्टीने कोणतेही समर्थन देता येत नाही.

मार्चच्या मध्यापासून चित्र पालटते. पालेभाज्या महाग व निस्तेज होतात, आणि मटार स्थानिक पीक म्हणून बाजारातून जातो. ढेमसे, गवार, भेंडी, काकडी, कोहळे, शेवग्याच्या शेंगा व चिवळ या उष्णता सहन करणाऱ्या भाज्या मात्र उन्हाळ्यातही चांगल्या मिळतात. उन्हाळ्यात ताज्या भाजीचा त्याग करण्यापेक्षा कोणती ताजी भाजी घ्यावी हे बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते. कोहळे तर अख्खे असताना सामान्य तापमानात कित्येक आठवडे टिकते. मटार, फरसबी, गाजर यांच्यासाठी गोठवलेला पर्याय या काळात सरस असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये चिखल, रोग व वाहतुकीतील खंड यांमुळे मळ्याच्या भाज्यांचे भाव चढतात. तरोटा, काटवल, अंबाडी या पावसाळी भाज्या यांतील उणीव अंशतः भरून काढतात.

पदार्थानुसार योग्यता

वऱ्हाडी स्वयंपाकातील अनेक पदार्थांत गोठवलेली भाजी चालतच नाही. हरभऱ्याचा कोवळा पाला किंवा मेथी कच्चीच चिरून, कांदा-तेल-तिखट घालून केलेला घोळाणा हा त्याचा ठळक नमुना. भरीतासाठी वांगे साल शाबूत ठेवून विस्तवावर भाजावे लागते. गोठवून वितळलेले वांगे भाजताना पाणी सोडते व त्याला धुराचा वास धरत नाही. रोडग्यांसोबतच्या वांग्याच्या भाजीतही फोडींना आकार हवा असतो. कुरकुरीत भेंडी, भरली कारली व सर्व प्रकारच्या कोशिंबिरी यांबाबत हीच स्थिती आहे.

याउलट पुलाव, उसळ, मटारची करंजी, मिश्र भाजी, पावभाजी आणि आमटी यांत गोठवलेले दाणे ताज्याइतकेच चांगले लागतात. मटारबाबत तर ते पुष्कळदा अधिक गोड लागतात. शेंग तोडल्याबरोबर दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर सुरू होते आणि उष्णतेत ते वेगाने घडते. कारखान्यात तोडणीनंतर थोड्याच वेळात ब्लांचिंग केल्याने ते थांबते. बाजारातून आणलेल्या दोन दिवसांच्या शेंगांतील दाणे पिठूळ लागतात ते यामुळेच.

शिजवताना गोठवलेले दाणे आधी वितळवू नयेत. थेट भांड्यात टाकावेत. ते आधीच अर्धवट शिजलेले असल्याने ताज्यापेक्षा कमी वेळ लागतो. तापलेल्या तेलाच्या फोडणीत बर्फासह टाकल्यास तेल उडून भाजण्याचा धोका असतो, म्हणून फोडणीत कांदा-टोमॅटो परतून झाल्यावर ते घालण्याची पद्धत सोयीची.

खर्च

गोठवलेल्या मटाराच्या पाकिटाची तुलना शेंगांच्या भावाशी थेट केली जाते व त्यामुळे पाकीट नेहमीच महाग वाटते. एक किलो शेंगांतून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघतात. म्हणजे शेंगांचा भाव दुपटीने, किंबहुना त्याहून थोडा अधिक धरून मगच तुलना करावयास हवी. या हिशेबाने हिवाळ्यात शेंगा स्वस्त पडतात व मे महिन्यात पाकीट. फुलकोबीतही देठ व पाला वगळता वजन बरेच घटते. पालेभाजीत मात्र जुडीचा भाव आणि गोठवलेल्या पालकाचा भाव यांत ताज्या जुडीस बहुधा तोड नसते.

शेंगा सोलण्याच्या श्रमाचा हिशेब अशा तुलनेत कोणी धरत नाही, कारण तो बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्यास येतो. पाकिटाच्या लोकप्रियतेमागे पोषणापेक्षा हे कारण अधिक प्रबळ असावे.

नासाडी ही खर्चाची दुसरी बाजू. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालात फळे व भाज्यांची काढणीनंतरची हानी पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के दिली आहे. ही हानी शेतापासून बाजारापर्यंतची आहे. घरी आणल्यावर सडून फेकली जाणारी सांबाराची जुडी तिच्यात धरलेली नाही. दुसरीकडे, सुकाळात भाव कोसळल्यावर टोमॅटो वा फुलकोबी रस्त्यावर ओतून देण्याची वेळ शेतकऱ्यावर येते. केंद्र सरकारने २०१८–१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ ही योजना ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह जाहीर केली, ती साठवण व प्रक्रिया यांतून हा चढउतार सौम्य व्हावा या हेतूने. शेतातील भाजीस जवळच गोठवण वा वाळवणाचा आधार मिळणे हा वऱ्हाडातील भाजीउत्पादकाच्या दृष्टीने ग्राहकाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

घरगुती गोठवण

हिवाळ्यात सोले व मटार सोलून फ्रीजमध्ये गोठवून ठेवणे वऱ्हाडातील शहरी घरांत आता रूढ झाले आहे. उन्हाळ्यातील वाळवणाची जागा अशा रीतीने हिवाळ्यातील गोठवणीने काही प्रमाणात घेतली आहे.

यासाठी दाणे उकळत्या पाण्यात टाकून पाण्यास पुन्हा उकळी आल्यापासून वेळ मोजतात. मटाराला दीड मिनिट, पालकाला व गाजराच्या लहान तुकड्यांना दोन मिनिटे, फरसबी, फुलकोबी व लहान भेंडीला तीन मिनिटे पुरतात. पाणी भरपूर असावे, अन्यथा उकळी उशिरा येते आणि भाजी शिजून जाते. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ ठेवून, निथळून, कापडावर पूर्ण कोरडे करावे. ताटात एक थर पसरून गोठवल्यावर मग पिशवीत भरले असता दाणे सुटे राहतात. पिशवीतील हवा काढून टाकणे व तीवर तारीख लिहिणे या दोन गोष्टी सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. ब्लांचिंग न करता गोठवलेला मटार एक-दीड महिना ठीक राहतो, पुढे त्याला गवताळ वास येऊ लागतो.

फ्रीजच्या बर्फकप्प्याचे तापमान सर्वत्र सारखे नसते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत या कप्प्यांवर तारांकन असते: एक तारा उणे ६, दोन तारे उणे १२ व तीन तारे उणे १८ अंश सेल्सियस दर्शवतात. भारतातील फ्रीजवर ठळकपणे दिसणारे तारे मात्र ऊर्जाबचतीचे असतात. त्यांचा या तापमानाशी संबंध नाही. एकदारी फ्रीजचा लहान बर्फकप्पा बहुधा उणे १८ अंशांपर्यंत पोहोचत नाही. अशा कप्प्यात भाजी वर्षभर न ठेवता काही आठवड्यांत संपवणे योग्य.

वीजपुरवठा

गोठवलेल्या भाजीची सर्व गुणवत्ता अखंड विजेवर अवलंबून आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने प्रदीर्घ भारनियमन अनुभवले. वाळवणाचा डबा त्या काळात ज्या निश्चिंतपणे फडताळात राहिला, तसा बर्फकप्पा राहू शकत नव्हता. स्थिती सुधारली असली तरी उन्हाळी वादळात वीज जाण्याचे प्रसंग येतातच. दार बंद ठेवल्यास पूर्ण भरलेला स्वतंत्र डीपफ्रीजर सुमारे ४८ तास व अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी टिकवतो. साध्या फ्रीजचा बर्फकप्पा त्यामानाने फार लवकर वितळतो. दाण्यांवर बर्फकण शिल्लक असल्यास ते पुन्हा गोठवता येतात, चव मात्र उतरते. पूर्ण वितळून कोमट झालेली भाजी पुन्हा न गोठवता टाकून द्यावी.

दुकानातील साखळी तुटली होती का हे ओळखण्याची सोपी खूण आहे. पाकीट हलवल्यावर दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. सर्व दाण्यांचा एक दगड झाला असेल, तर ते पाकीट मध्ये केव्हातरी वितळून पुन्हा गोठलेले आहे. अमरावतीहून बडनेऱ्यास मे महिन्यात पाकीट नेताना खरेदीत ते शेवटी घ्यावे आणि वृत्तपत्रात वा जाड कापडात गुंडाळावे.

सुरक्षितता व भेसळ

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील पाच देशांत लिस्टेरिया जंतूंच्या संसर्गाचे ४७ रुग्ण आढळले व त्यांपैकी ९ दगावले. या साथीचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत व इतर भाज्यांपर्यंत लागला. गोठवलेला मका वा मटार न शिजवता कोशिंबिरीत घालू नये, ही सूचना त्यावरूनच दिली जाते. गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांनी ती विशेष पाळावी.

ताज्या भाजीचे धोके निराळे आहेत. कीटकनाशकांचे अवशेष, अस्वच्छ पाण्याने धुणे आणि रंगाची भेसळ यांचा त्यांत समावेश होतो. हंगाम नसताना सोललेला ‘ताजा’ मटार म्हणून भिजवलेले व हिरव्या रंगात बुडवलेले वाळके वाटाणे विकले जाण्याचे प्रकार आढळतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने यासाठी सुचवलेली घरगुती चाचणी अशी: काही दाणे काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून अर्धा तास ठेवावेत; पाण्यात रंग उतरला तर भेसळ समजावी. भेंडी वा हिरव्या मिरचीसाठी द्रवरूप पॅराफिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सालीवर फिरवावा. बोळा हिरवा झाल्यास मॅलाकाइट ग्रीनचा संशय घ्यावा. मे महिन्यात रस्त्यावरच्या उघड्या हिरव्यागार दाण्यांपेक्षा बंद, परवाना क्रमांक छापलेले पाकीट अधिक विश्वासार्ह ठरते.

विजेविना साठवण

ताजी भाजी टिकवण्यासाठी फ्रीज हाच एकमेव उपाय नाही, आणि काही भाज्यांसाठी तो योग्यही नाही. वांगी साधारण १० अंशांखाली व भेंडी ७-८ अंशांखाली काही दिवस ठेवल्यास शीतइजा होऊन त्यांवर डाग पडतात. टोमॅटोचा स्वादही फ्रीजमध्ये मंदावतो.

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष वऱ्हाडाच्या हवामानास विशेष अनुकूल आहे. विटांच्या दुहेरी भिंती बांधून मधल्या पोकळीत वाळू भरतात, ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवतात आणि वर गवताचे किंवा वाळ्याचे झाकण ठेवतात. बाष्पीभवनामुळे आतील तापमान उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. हवा जितकी कोरडी तितका परिणाम अधिक, त्यामुळे जे तंत्र कोकणातील दमट हवेत फारसे उपयोगी पडत नाही ते अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात उत्तम चालते. पावसाळ्यात मात्र येथेही त्याचा प्रभाव ओसरतो.

हेच तत्त्व घराघरांत फार पूर्वीपासून वापरले जाते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली सांबाराची जुडी पाण्याच्या माठाशेजारी, जमिनीलगत ठेवली जाते; देठ पाण्यात बुडवून ठेवलेली मेथी दुसऱ्या दिवशीपर्यंत तग धरते. फडके दिवसातून दोन-तीनदा भिजवावे लागते आणि पाने मात्र ओली राहू द्यायची नसतात, नाहीतर ती काळी पडून सडतात.